डोहातला एक तास

पुण्याहून पहाटे निघायचं, सह्याद्रीची एक घाटवाट उतरायची, तळातल्या ओढ्यात मनसोक्त डुंबायचं आणि दुसऱ्या वाटेनं वर चढून रात्री घरी जेवायला पोचायचं. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात असा दिवस आखता येतो, आणि हल्ली पुण्या-मुंबईतल्या कितीतरी संस्था तो आखून देतात. जाहिरातीत धबधब्याचा फोटो असतो आणि पैसे भरायचा क्रमांक असतो. दिवस प्रत्यक्षात चालतो कसा, पाण्यात कधी उतरायचं आणि कधी नाही हे कोण ठरवतं, ते मात्र त्यात नसतं. पोहण्याचा भाग जेमतेम तासाभराचा. बाकीचा सगळा दिवस त्या तासाची तयारी असते, असं माझं मत आहे. ज्या संस्थेला हे उमगलंय, तिच्याबरोबरच जावं.

राष्ट्रीय उद्यानात असा बेत महाराष्ट्रात सहसा जमत नाही. राज्यात ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली अशी सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत. सह्याद्रीच्या मुख्य रांगेवरचं त्यातलं एकटं चांदोली, आणि ते २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिथला प्रवेश परवानगीवर चालतो. वाट सोडून पाण्यात उतरण्याचा प्रश्नच येत नाही. भोर आणि वेल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही. इथे वनखात्याची जंगलं आहेत, गायरानं आहेत, माणसांची भातखाचरं आहेत, आणि त्यांतून जाणाऱ्या जुन्या वाटा आहेत. म्हणून मोकळीक आहे. पण त्याच कारणानं डोहाच्या काठावर फाटक नाही, रखवालदार नाही, जीवरक्षक नाही. त्यांची जागा तुमच्या गटाच्या लीडरला घ्यावी लागते.

या दिवसासाठी सगळ्यात सोयीची जोडी म्हणजे मढे घाट आणि उपांड्या घाट. दोन्हींचा माथा वेल्हे तालुक्यातल्या केळद गावाजवळ. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण लोकांच्या तोंडी वेल्हेच आहे. दोन्ही वाटा खाली महाड तालुक्यातल्या कर्णवडीच्या बाजूला उतरतात. एकीनं उतरायचं, दुसरीनं चढायचं, आणि गाडी केळदलाच उभी ठेवायची. तानाजी मालुसऱ्यांचा देह सिंहगडावरून उमरठला याच मढे घाटानं नेला, असं इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत.

केळदचं पठार पाण्याची वाटणी करतं. घाटमाथ्याच्या पूर्वेला पडलेला पाऊस कानंदी, गुंजवणी, नीरा असा वाहत शेवटी कृष्णेला आणि बंगालच्या उपसागराला मिळतो. पश्चिमेला पडलेला मढे घाटातल्या लक्ष्मी धबधब्यावरून कोसळून सावित्रीच्या खोऱ्यात जातो आणि अरबी समुद्र गाठतो. या दुसऱ्या पाण्याशीच आपला संबंध येतो.

आता महिना. जून ते सप्टेंबर हा धबधबा बघण्याचा काळ. काही संस्था मढे घाटात दोरावरून उतरण्याचा कार्यक्रमही पावसातच घेतात. पोहण्यासाठी मात्र हा काळ बाद. पाऊस परतल्यावर, म्हणजे साधारण दसऱ्यानंतर, ओढ्याचा गढूळपणा जातो, तळ दिसू लागतो, वेग उतरतो. तेव्हापासून ओढे आटेपर्यंतचे थोडे आठवडे हाच खरा मोसम. जुलैत 'ट्रेक आणि स्विमिंग' अशी जाहिरात दिसली, तर ती सोडून द्यावी. शिवाय पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात. २०२४ च्या ३० जूनला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर पुणे जिल्ह्यातल्या अनेक धबधब्यांवर आणि धरणांवर पाण्यात उतरायला बंदी आली. तुम्ही जाणार त्या वर्षी आदेश काय आहे, हे निघण्याआधी बघून घेणं ही आयोजकाची जबाबदारी आहे, आणि ते त्याला विचारणं हे तुमचं काम.

पहाटे साडेपाचला स्वारगेट सोडलं, की कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, मग नसरापूर फाट्यावरून पश्चिमेकडे वळायचं. मार्गासनी, विंझर, वेल्हे. वेल्ह्यात तोरणा अगदी डोक्यावर येतो. तिथून भट्टी, पासली करत, खिंड ओलांडून केळद. शेवटचा घाटरस्ता वळणावळणाचा असल्यामुळे अडीच तास धरावेत. गाडीत लीडरनं दोन गोष्टी करून घ्याव्यात. एक, प्रत्येकाचा आजार, गोळ्या, दमा, फिट, आधीचं फ्रॅक्चर हे एकेकट्याला विचारणं. सगळ्यांसमोर विचारलं की लोक लपवतात. दुसरी, पोहता येतं का हा प्रश्न नीट विचारणं. 'येतं' या उत्तराला फारसा अर्थ नाही. तरणतलावात, काठ हाताशी असताना, निळ्या फरशीवर पोहलेला माणूस आणि विहिरीत सूर मारत वाढलेला माणूस, दोघंही 'येतं' असंच म्हणतात. म्हणून विचारायचं ते असं: पाय टेकत नसताना किती वेळ राहू शकता? वाहत्या पाण्यात कधी उतरलात का?

केळदला चहा-पोहे झाले की चालायच्या आधी मोजणी होते. पुढे लीडर, सगळ्यात मागे ट्रेकवाले ज्याला स्वीप म्हणतात तो. या दोघांच्या बाहेर कुणी जायचं नाही, ना पुढे ना मागे. गट वीस-बावीसचा असेल तर मध्ये आणखी एक अनुभवी माणूस हवा. आणि गावातला वाटाड्या हवाच. नकाशा आणि जीपीएसवर वाट सापडते. पण यंदाच्या पावसात कुठे दरड आली, कोणत्या डोहात वरून धोंडा येऊन पडलाय, आग्या मोहोळ कोणत्या कड्याला बसलंय, हे फक्त गावातल्या माणसाला ठाऊक असतं. मोहोळाच्या खालून जाताना अत्तर, धूर, आरडाओरडा यातलं काहीही चालत नाही. राजगड-तोरण्यावर मधमाश्यांनी लोकांना फोडून काढल्याचे प्रसंग या तालुक्यात सगळ्यांना माहीत आहेत.

मढे घाटाच्या तोंडाशी, धबधबा कड्यावरून पडतो त्याच्या अलीकडे, ओढा कातळावर पसरतो. पाणी घोट्याएवढं, पुढे मोकळं आकाश आणि कोकण. प्रत्येकाला इथेच बूट काढून उतरावंसं वाटतं. दिवसाचा पहिला नकार इथे येतो, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. कातळावर शेवाळाचा पापुद्रा असतो. पाय निसटला की अडवायला काही नसतं, आणि घोट्याएवढं पाणीही पडलेल्या माणसाला पुढे ढकलत राहतं. अमेरिकेत योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात व्हर्नल धबधब्याच्या माथ्यावर पाण्यात उतरायला मनाई असल्याच्या पाट्या आणि कठडे आहेत. तरीही २०११ च्या जुलैमध्ये तिघं तिथून वाहून गेले. आपल्याकडे कठडेही नाहीत. धबधब्याच्या वर कधीच नाही, पोहायचं ते नेहमी खाली, आणि खालीसुद्धा थेट धारेत नाही. हा नियम हवामान पाहून बदलायचा नसतो.

मग उतरण. सह्याद्री हा बेसाल्टच्या थरांचा डोंगर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला. त्यातले टणक थर आज उभे कडे म्हणून शिल्लक आहेत आणि ठिसूळ थर झिजून मध्ये झाडीचे पदर तयार झालेत. म्हणून वाटेला ठरावीक चाल येते: कातळात खोदलेल्या किंवा दगड रचलेल्या तीव्र टप्प्यानंतर झाडीतली आडवी चाल, मग पुन्हा टप्पा. ऑक्टोबरात कारवी अंगाला घासते, दगडांवरची माती अजून ओली असते. उतरताना गुडघ्यांवर भार येतो आणि मांड्या थरथरू लागतात. ते थकलेले पाय घेऊनच पुढे पाण्यात जायचं आहे, हे लीडरनं लक्षात ठेवायचं असतं. म्हणून उतरायला दीड-दोन तास लागले तर लागू द्यावेत.

वेळेचं गणित इथे उलट्या बाजूनं मांडतात. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक ठोकताळा दिला: सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि चढाच्या दर सहाशे मीटरना एक तास जास्त. तो धडधाकट, सरावलेल्या माणसासाठी आहे. रविवारच्या मिश्र गटासाठी येणारा आकडा सरळ दुप्पट करावा. परतीला पाचशे मीटरांहून जास्त चढ आहे, म्हणजे उपांड्या घाटाला अडीच ते तीन तास. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि झाडीत अंधार त्याआधी पडतो. त्यात आणखी एक गोष्ट आहे. हा सगळा कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. सकाळी तो सावलीत असतो, दुपारनंतर सरळ ऊन घेतो, आणि तापलेला कातळ माणसाला आतून सुकवतो. तेव्हा साडेदहाला ओढा, साडेअकराला पाण्याबाहेर, बाराच्या आत चढाला सुरुवात, आणि जेवण वर केळदला गेल्यावर. खाली फक्त गूळ-शेंगदाणे, केळी, लिंबूपाणी. भरल्या पोटी पोहणंही टळतं आणि भरल्या पोटी चढणंही.

आता डोह. ओढ्याकाठी पोचल्यावर गटाला सावलीत बसवतात आणि लीडर व वाटाड्या आधी पुढे जातात. साधारण असं बोलणं होतं:

"मामा, ह्यात उतरायचं का?"

"ह्यात नको. आत कपार हाय. खाली चला, आमची पोरं पवत्यात तिथं."

या दोन वाक्यांत फार मोठी माहिती आहे. कपार म्हणजे पाण्याखाली खडक आतून पोखरलेला. वरून डोह शांत दिसतो, पण पाणी त्या पोकळीकडे ओढ घेतं, आणि माणूस छताखाली गेला की वर यायला जागाच राहत नाही. तसेच रांजणखळगे. पात्रातल्या खाचेत अडकलेला दगड पाण्याबरोबर वर्षानुवर्षं गरगरत राहतो आणि खडकात गोल विहीर कोरतो. पुणे-नगरच्या सीमेवर निघोजला कुकडी नदीत अशा खळग्यांची रांगच आहे. त्यांच्या भिंती उभ्या आणि काचेसारख्या गुळगुळीत. उतरणं सोपं, बाहेर येताना बोटाला पकड मिळत नाही. गावातली पोरं जिथे रोज पोहतात, त्या जागेची परीक्षा मात्र आधीच होऊन गेलेली असते.

तरी लीडर स्वतः ती पुन्हा घेतो. हातात सहा-सात फुटांची काठी. काठापासून एकेक पाऊल आत, काठी टेकवत, तळ वाळूचा आहे की गाळाचा, उतार हळूहळू आहे की एकदम, हे बघत. डोळ्यांवर विसंबायचं नसतं, कारण पाणी प्रकाश वाकवतं आणि तळ आहे त्यापेक्षा वर दिसतो. सरळ वरून पाहिलं तर चार फूट पाणी तीन फूट वाटतं, तिरकं पाहिलं तर त्याहून कमी. कमरेएवढं समजून उतरलेला माणूस छातीपर्यंत जातो तो यामुळेच. मग तो डोहाचं पाणी बाहेर जातं ती जागा बघतो: तिथून सुटलेला माणूस कुठे जाईल? पुढे उथळ दगडगोटे असतील तर ठीक. पुढे दुसरी उडी असेल तर हा डोह रद्द. शेवटी एक सुकी काटकी पाण्यात टाकायची आणि ती कुठून कुठे, किती वेगानं जाते ते पाहायचं. ती एकाच जागी फिरत राहिली तर खाली भोवरा आहे.

धारेखाली उभं राहायचा हट्ट बहुतेक जण धरतात. पडणाऱ्या धारेच्या पायथ्याशी पाण्यात हवा मिसळून फेस होतो. फेसाळ पाणी हलकं असतं, ते शरीराला नेहमीसारखं उचलून धरत नाही, आणि खाली गेलेलं पाणी वळून पुन्हा धारेकडेच येतं. चांगला पोहणाराही तिथे हातपाय मारत राहतो आणि जागचा हलत नाही. वरून दगड येण्याची भीती वेगळीच.

जागा पक्की झाली की हद्द आखतात. काठावरच्या भक्कम जांभळाला किंवा अंजनीला दोर बांधून तो डोहाच्या खालच्या तोंडावर आडवा ताणतात. त्याच्या पलीकडे कुणी नाही. एक माणूस कोरडा, काठावर, तरंगणाऱ्या दोराची पिशवी हातात घेऊन उभा. तो फोटो काढत नाही, गप्पा मारत नाही. एका वेळी सहा-सातच जण पाण्यात, जोडीजोडीनं, आणि पोहता न येणाऱ्याला लाइफ जॅकेट. घामेजलेल्या अंगानं लगेच उतरायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं बसायचं, हातपाय, मान, छाती ओली करायची, मग हळूहळू आत. तापलेलं शरीर थंड पाण्यात एकदम गेलं की श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर पहिला घोट फुफ्फुसात जातो. सूर मारणं पूर्ण बंद. दारूचा तर विषयच नाही. रात्रीची उतरलेली नसेल तरी त्या माणसानं काठावर बसावं.

बायकांच्या कपडे बदलण्याची सोय हा मुद्दा मी मुद्दाम लिहितेय, कारण आयोजक तो विसरतात. एक हलका तंबू किंवा दोन चादरी आणि दोर एवढंच लागतं. ती सोय नसली की बाया ओल्या कपड्यांत तीन तास चढतात. मांड्या सोलवटतात, थंडी भरते. जीन्स कुणीच घालू नये. ओली झाली की ती पायाला धरून ठेवते, पाण्यातही आणि चढावरही. मोज्यांचा कोरडा जोड पिशवीत ठेवावा. साबण आणि शांपू वरच ठेवून यावेत, कारण हेच पाणी पुढे वाडीत जातं.

ओढा बदलतोय हे ओळखायला शिकवणं हेही लीडरचं काम. परतीच्या पावसाची एक सर वर केळदच्या पठारावर पडली तरी खाली ऊनच असतं. पाणलोट लहान आणि उतार उभा, त्यामुळे ते पाणी खाली यायला फार वेळ लावत नाही. पाण्यावर पानं, काटक्या दिसू लागतात, रंग चहासारखा होतो, आवाज जड होतो, खडकावरची ओली रेघ वर सरकते. यातलं एक जरी दिसलं तरी शिट्टी, आणि सगळे बाहेर, ज्या काठावरून वाट वर जाते त्याच काठावर. पलीकडे अडकलं तर पाणी उतरेपर्यंत तिथेच बसावं, ओलांडू नये.

आणि बुडणं. सिनेमात बुडणारा ओरडतो, हात हलवतो. खरा बुडणारा बहुतेक वेळा गप्प असतो. तोंड पाण्याच्या रेषेला, डोकं मागे, हात पाण्याला खाली दाबत असलेले, उभ्यानंच; नजर रिकामी. मिनिटाच्या आत तो खाली जातो. त्याला धरायला दुसऱ्यानं उडी मारायची नाही, कारण घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यावर चढतो. आधी काठी, नाहीतर दोर, नाहीतर ओढणी. २०२२ च्या मे महिन्यात भोरजवळ भाटघर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये पाच तरुण स्त्रिया एकाच वेळी बुडाल्या. भाटघर, नीरा-देवघर यांसारख्या धरणांचं पाणी ओढ्यापेक्षा वेगळं असतं. ते वाहत नाही म्हणून निर्धास्त वाटतं, पण त्याखाली जुनी शेतं आहेत, त्यांच्या ताली आहेत, नदीचं मूळ पात्र आहे. एका पावलावर गुडघा, पुढच्या पावलावर डोक्यावरून पाणी. काठाचा गाळ पाय धरतो ते निराळंच. परतीच्या वाटेवर "जाता जाता भोरला धरणावर थांबू या" असं कुणीतरी म्हणतंच. त्याला नाही म्हणणारा लीडर मला चांगला वाटतो.

उपांड्या घाटाच्या चढाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. प्रत्येकाकडे दोन लिटर पाणी, तासाला एक थांबा, आणि सगळ्यात हळू चालणारा लीडरच्या लगेच मागे. वर केळदला पिठलं, नाचणीची भाकरी, ठेचा आणि इंद्रायणीचा भात. गावातल्या घरी जेवण सांगितलं तर पैसा गावात राहतो आणि पुढच्या खेपेला वाटाड्या मिळतो.

पैसे भरण्याआधी संस्थेला काय विचारावं? महाराष्ट्र शासनाचं साहसी पर्यटन धोरण २०२१ पासून लागू आहे आणि त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. ती आहे का? लीडरनं उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी प्रशिक्षण घेतलंय का, प्रथमोपचार आणि सीपीआर येतं का? दोर आणि लाइफ जॅकेट तुमचं की ऐनवेळी शोधणार? घाटाखाली मोबाइलला रेंज नसते, तेव्हा अपघात झाला तर वर कोण पळणार आणि कुणाला फोन लावणार? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तयार असायला हवं: ११२, १०८, गिर्यारोहकांचं बचाव समन्वय केंद्र, पाण्यातल्या शोधासाठी भोरचं भोईराज जल आपत्ती पथक. समोरचा अडखळला, तर दुसरी संस्था बघावी. पोहणं झालं नाही तर पैसे परत मिळतील का, असंही लोक विचारतात. मी म्हणेन, डोह बघून आज नको म्हणणाऱ्या लीडरला पूर्ण पैसे द्यावेत.

घरी आल्यावर एक काम उरतं. पायाला-हाताला खरचटलेलं साबणानं धुवावं आणि पुढचे दोन-चार आठवडे अंगाकडे लक्ष ठेवावं. ओढ्याच्या पाण्यात गुरांचं आणि उंदरांचं मूत्र मिसळलेलं असू शकतं, आणि त्यातून जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिस होतो. ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल अशी लक्षणं दिसली तर अंगावर काढू नये. डॉक्टरांकडे गेल्यावर नुसता ताप आहे म्हणू नका. अमुक तारखेला ओढ्यात पोहलो होतो, हे पहिल्यांदा सांगा.